कुलूप नसलेली पेटी

माझी भाची सातवीत होती तेव्हा सकाळी उठल्यावर पाणी पीत नव्हती. शाळेत नेलेली बाटली भरलेलीच परत आणायची. एकदा मी विचारलं तर म्हणाली, "मावशी, पाणी पेलं की जावं लागतंय."

जायला जागा नव्हती का? होती. शाळेच्या मागं मुलींचं स्वच्छतागृह उभं होतं. निळा रंग, भिंतीवर हात धुणाऱ्या हसऱ्या मुलीचं चित्र आणि दाराला कुलूप. किल्ली शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षाच्या घरी. आत त्याच्या शेतातल्या तुषार संचाचे पाइप. विचारलं तर उत्तर तयार: उघडं ठेवलं की गावातली टवाळ पोरं घाण करतात. म्हणून मुलींनी दिवसभर दाबून बसायचं. पाइपांना मात्र सावली हवी.

मी हिंगोलीत खोली करून राहते. आमचा एक लहानसा गट आहे. पत्रकं लिहायची, छापायची, एसटी स्टँडवर आणि आठवडी बाजारात वाटायची, हे आमचं काम. या कुलपावरही मी पत्रक लिहिलं होतं. हिंगोलीत ते लोकांनी वाचलं, मान हलवली आणि त्यात भजी बांधून नेली. गावात मात्र ते गेलं तसं ताईच्या सासऱ्यांनी तिला विचारलं, "तुझी बहीण आपल्याला गावात राहू देती का न्हाई?"

ताई माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठी. कनेरगाव नाक्यावर उतरून आत जावं लागतं, त्या गावात दिलेली. शिक्षण सातवी. तिची शाळा काहून सुटली ते आमच्या घरात कोणी मोठ्यानं बोलत नाही, म्हणून मीच बोलते. तिची पाळी सुरू झाली आणि शाळेत बाहेरला जायला आडोसा नव्हता, म्हणून सुटली. आणि आता तिच्या लेकीबद्दल दाजी म्हणायला लागले होते, "पुढच्या वर्षाचं पुढच्या वर्षी बघू." हे वाक्य गोड असतं. त्याचा अर्थ आमच्याकडच्या प्रत्येक मुलीला कळतो.

समितीची मुदत संपली तेव्हा ताईनं मला फोन केला. आवाज इतका बारीक की मला वाटलं कोणी आजारी आहे.

"मी अध्यक्षाला हुभी राहू का गं?"

मी म्हटलं, "रहा."

"तू रहा म्हनशीलच. तुला काय, तू तिकडं बसून लिवतीस."

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. त्या गावात अध्यक्ष कसा निवडतात ते मी पाहिलेलं होतं. कागदावर आधी सदस्य, मग सदस्यांतून अध्यक्ष. गावात तसलं काही नाही. पालकसभा भरते, पुढारी माणूस एक नाव घेतो, "हात वर करा" म्हणतो आणि लगेच टाळ्या. बायका मागं भिंतीला टेकून, पदर ओढून बसतात. पुढं बसलेली माणसं मान वळवून बघतात, कोणाचा हात वर आहे आणि कोणाचा नाही. आणि अर्ध्या गावाचं रब्बीचं पाणी अध्यक्षाच्या विहिरीवरून जातं. दाजींचंही. आता सांगा, त्याच्याविरुद्ध हात कोण वर करणार?

म्हणून मी शाळेत गेले. मुख्याध्यापकांना म्हटलं, गुप्त मतदान घ्या. गृहस्थ वाईट नव्हते. त्यांना फक्त निवृत्त होईपर्यंत कोणाच्याच नजरेत वाईट व्हायचं नव्हतं.

"मॅडम, माझी हरकत नाही. पण चिठ्ठ्या टाकायच्या कशात?"

"डब्यात टाका."

त्यांनी चष्मा काढून पुसला. डब्याची गोष्ट गावात सगळ्यांना ठाऊक होती. खिचडी शिजवायला कोणती बाई ठेवायची यावरून एकदा चिठ्ठ्या टाकल्या होत्या, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. मग चहा आला. चहा होईपर्यंत डबा ऑफिसात राहिला. उघडला तर सभेला आलेल्या माणसांपेक्षा चिठ्ठ्या जास्त. तेव्हापासून गावात कोणी खोटं बोललं की म्हणतात, चहा पिऊन आला वाटतं.

"मग कुलपाची पेटी," मी म्हटलं.

"आणि किल्ली कोणाकडं ठेवायची?" मुख्याध्यापक म्हणाले. खिडकीतून मागचं निळं दार दिसत होतं.

"पेटी मी आणते," मी म्हटलं. "कुलूपच नसलेली. एकदा बंद झाली की फोडल्याशिवाय उघडणार नाही."

बोलून गेले. शुक्रवारी दुपारी हिंगोलीत, स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्यावरच्या लेसर कटिंगच्या दुकानात उभी राहिले तेव्हा कळलं, बोलणं आणि पेटी यांत अंतर आहे. सभा शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर होती.

दुकानदार माझ्याच वयाचा. त्याचे वडील दारं-चौकटी करणारे सुतार, आता डोळ्यांनी अधू. पोरानं रंधा सोडून मशीन घेतलं. दुकानभर दारावरच्या पाट्या, लग्नातल्या जोड्यांची नावं, केकवर खोचायचे आकडे. मी इंटरनेटवरून पेटीचा नकाशा उतरवून आणला होता. सहा फळ्या, प्रत्येकीच्या कडेला चौकोनी दाते. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत घालावी तसे एका फळीचे दाते दुसरीच्या खाचांत बसतात. खिळा नाही, बिजागरी नाही. पाच फळ्या डिंकानं चिकटवायच्या. वरची, चिठ्ठीच्या फटीची, सभेत सगळ्यांसमोर ठोकून बसवायची.

"फिंगर जॉइंट," तो म्हणाला. "मस्त दिसतंय, ताई. गिफ्टला हाय का? वर दोन गुलाब टाकून देतो. गुलाबाचे पैसे नको."

"मतदानाला आहे."

त्यानं माझ्याकडं नीट पाहिलं. "मंग गुलाब नको," म्हणाला.

चार मिलिमीटरचा प्लाय त्यानं मशीनमध्ये ठेवला. लाल ठिपका फळीवर इकडून तिकडं फिरला, मग धूर, मग जळक्या लाकडाचा वास. पंख्याच्या नळीतून धूर मागच्या गल्लीत जायचा आणि तिकडून एक बाई रोजच्यासारखी ओरडायची. फळ्या निघाल्या. कडा तपकिरी, कोपरे काटकोनात. मी जोडल्या. पेटी झाली. मी वरची फळी दाबून बसवली, आणि नखानं उचलली तर उचलली गेली.

परत दाबली. परत उचलली गेली. पापडासारखी.

"हे काय?" मी म्हटलं.

त्यानं मापून पाहिलं. प्लाय चारचा नव्हता. साडेतीनच्या जरासा वर. आणि लेसर स्वतःची रेघ जाळत जातो, तेवढं लाकूडही गेलेलं. खाचा रुंद, दाते बारीक. सगळं डुगडुगत होतं.

"शीटवर चारच लिवून येतंय, ताई. मी काय करू?"

"लिहून आलं म्हणून खरं धरायचं?"

"तुमच्या पत्रकावर बी लिवूनच येतंय ना," तो म्हणाला. "ते लोकं खरंच धरतात की."

मला राग आला. मी म्हटलं, "डिंक लावून घट्ट होईल का?" त्यानं मान हलवली. खालच्या पाचांना चालेल, वरचीला नाही. सभेत डिंक लावला तर तो वाळेपर्यंत चहा येणार. आणि चहा आला की संपलं. वरची फळी नुसत्या दात्यांवर, कोरडी, घट्ट बसायला हवी होती.

त्यानं नकाशात खाचा अरुंद केल्या. आधी हातभर तुकडा कापून पाहिला. अजून ढिला. अजून अरुंद. आता बसेना. मी अंगठ्यानं दाबलं तर दाता कडकन मोडला. मग दोन्हींच्या मधलं माप. ते बसलं. ओढून पाहिलं, निघेना. त्यानं स्वतः ओढलं, दातानं ओढलं, निघेना. तेव्हा तो पहिल्यांदा हसला.

"आता पूर्ण काढू. शीट एकच राहिलंय."

कापायला सुरुवात करणार तेवढ्यात मी म्हटलं, थांब. पुढच्या फळीवर अक्षरं कोर.

हे मी काहून म्हटलं? कारण मला कोरी जागा बघवत नाही. कागद असो, भिंत असो, फळी असो. पत्रकं लिहून लिहून माणसाला तशी सवय लागते. मी त्याच्या कॉम्प्युटरवर स्वतः टाइप केलं:

भिऊ नका. मत द्या. कुलूप तोडा.

"फाँट कोणता?" त्यानं विचारलं.

"ठळक."

लेसर अक्षरं कोरत गेला. 'तोडा'चा काना पूर्ण झाला. मग फळ्या कापायला सुरुवात झाली, आणि चौथ्या फळीच्या अर्ध्यात लाइट गेली.

पंखा थांबला. धूर दुकानातच राहिला. मागच्या गल्लीतली बाई आता ओरडत नव्हती, तिला बरं वाटलं असावं. आम्ही दोघं अर्ध्या कापलेल्या फळीकडं बघत उभे. लाइट आल्यावर मशीन आपली जागा विसरतं, असं त्यानं सांगितलं. पुन्हा सुरू केलं आणि केसभर सरकलं, तर रेघेशेजारी दुसरी रेघ. मग पुन्हा डुगडुग. आणि शीट संपलेलं, घाऊक दुकान बंद होत आलेलं.

"मग?"

"मंग काय. दुआ करा."

त्यानं लेसरचं तोंड हातानं, हळूहळू, जुन्या रेघेच्या टोकावर आणून ठेवलं. लाइट येईपर्यंत त्यानं ना मशीनला हात लागू दिला, ना मला टेबलाला टेकू दिलं. आतून त्याचे वडील दोनदा विचारून गेले, "हुआ क्या?" लाइट आली. त्यानं बटण दाबलं आणि डोळे मिटले. मी उघडे ठेवले. ठिपका त्याच रेघेत गेला.

पाच फळ्या तिथंच चिकटवल्या, दोरीनं आवळल्या. सहावी वर्तमानपत्रात गुंडाळून वेगळी घेतली. सकाळी जीपमध्ये पेटी मांडीवर घेऊन बसले. नाक्यावर चहा घेताना टपरीवाल्यानं विचारलं, "ताई, देव्हारा हाय का?" मी म्हटलं, त्याहून बरं आहे.

एवढी घमेंड होती मला.

सभा सहावीच्या वर्गात भरली. पुढं खुर्च्यांवर आणि सतरंजीवर माणसं, मागं भिंतीला बायका. ताई त्यांच्यातच बसलेली, उमेदवार असून. तिनं इस्त्रीची साडी नेसली होती आणि हात पदराखाली लपवले होते. दाजी दाराबाहेर उभे.

अध्यक्ष वेळेवर आला. पन्नाशीचा, पांढरा शर्ट, बोलणं मऊ. तो कोणाशी वरच्या आवाजात बोलत नाही. विहीर त्याची असल्यावर गरजच पडत नाही. त्यानं टेबलावरची पेटी उचलली, बोटानं वाजवून पाहिली.

"झकास बनवली. हिंगोलीची काय?"

"हो."

"दाते बघा कसे बसलेत. यंत्राचं काम." त्यानं पेटी फिरवली. पुढची बाजू स्वतःकडं आली तेव्हा थांबला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं, पहिलीतलं पोर वाचतं तसं, एकेक शब्द सोडत वाचलं. "भिऊ नका. मत द्या. कुलूप. तोडा."

कोणतं कुलूप, हे विचारायची गरज कोणालाच नव्हती. खिडकीतून ते दिसतच होतं.

त्यानं पेटी अलगद खाली ठेवली. "गुरुजी, मी अडाणी माणूस. मला एवढंच सांगा. ही पेटी मतदानाची हाय का प्रचाराची?"

मुख्याध्यापकांनी माझ्याकडं पाहिलं. मी पेटीकडं पाहिलं. ठळक फाँट. प्लायमध्ये खोल जळलेला. पॉलिश पेपरनं घासला तर आरपार भोक पडेल, पण अक्षर जाणार नाही.

"आक्षेप बरोबर आहे, मॅडम," मुख्याध्यापक म्हणाले. "पेटीवर असं काही चालत नाही."

"भिंतीकडं तोंड करून ठेवू," मी म्हटलं.

"आता वाचलं की सगळ्यांनी," अध्यक्ष म्हणाला. "वाचलेलं डोक्यातून कसं काढता? तुमीच सांगा, तुमचा तर धंदाच हाय त्यो."

तो बरोबर बोलत होता. मला त्याचाच जास्त संताप आला. मुलींची जागा पाइपांना देणारा माणूस नियम सांगत होता, आणि नियम त्याच्या बाजूनं होता, आणि तो त्याच्या हातात मी दिला होता. माझ्या डोक्यात तेव्हा पत्रकाची आठ वाक्यं तयार झाली. एकही उपयोगाचं नव्हतं.

"तर मग," मुख्याध्यापक घसा साफ करत म्हणाले, "नेहमीप्रमाणं हात वर करूनच..."

मागं साड्यांची सळसळ झाली. दोघी उठल्याच. एक म्हणाली, म्हशी सोडायच्या हायत. ताईच्या शेजारच्या बाईनं ताईच्या कानात काहीतरी सांगितलं. पुढं ताईनंच मला सांगितलं काय ते: "माय, रागावू नको. हात वर करायचा तर मला त्याच्याच नावानं करावा लागंल."

ताई माझ्याकडं बघत होती. तिनं आवाज न करता विचारलं, पण मला ओठांवरून कळलं. तुला कोणी सांगितलं होतं लिवायला?

मग ती उठली.

बायकांच्या सतरंजीवरून पुढं आली. त्या वर्गात, त्या सतरंजीच्या पुढं बाईला काही काम नसतं, खिचडी वाढायची सोडून. फळ्याखालच्या पट्टीवरून तिनं खडू उचलला आणि अध्यक्षासमोर धरला.

"हे घ्या."

"काय करू वहिनी याचं?"

"एका बाजूला तिनं लिवलं. तीन बाजू मोकळ्या हायत. तुमी बी लिवा, तुमचं काय म्हणणं हाय ते. मंग पेटी कुणा एकाची राहात न्हाई."

तो हसला. "मी काय लिवणार?"

"तिनं लिवलं कुलूप तोडा. तुमी लिवा, कुलूप राहू द्या."

ताईनं खडू खाली घेतला नाही.

"असं कुटं असतंय का वहिनी," अध्यक्ष म्हणाला. "मी काय राजकारण करून राहिलो का?"

"मंग काहून अडवून राहिलास?" मागून एक म्हातारी बोलली. भाचीच्या मैत्रिणीची आजी, गावातली सगळ्यात जुनी बाई. तिनं अध्यक्षाला लंगोटीत पाहिलं होतं आणि ते ती विसरत नव्हती. "लिव की बाबा. मोठ्या अक्षरात लिव. आमाला इथून दिसलं पायजे."

"आजी, तुला वाचता येतंय का?"

"मला येत न्हाई. पर तुला लिवता येतंय का बघते."

पुढच्या माणसांत कोणीतरी हसलं. मग दुसरा एक, अध्यक्षाच्याच बाजूचा, म्हणाला, "लिवा हो, मोकळं व्हा. जेवायची वेळ झाली." त्याला खरंच भूक लागली असावी.

अध्यक्षानं खडू घेतला. पेटीची कोरी बाजू स्वतःकडं केली. आणि थांबला. मी त्याचा चेहरा बघत होते. रोज जे करत होता ते तीन शब्दांत लिहायचं होतं, बस. वर्गातली माणसं त्याच्या हाताकडं बघत होती आणि पहिल्यांदाच आपण कोणाकडं बघावं ते त्याला कळत नव्हतं. शेवटी त्यानं लिहिलं. मुख्याध्यापकांनी म्हातारीसाठी वाचलं.

"शाळेचा विकास."

"विकास व्हय?" म्हातारी म्हणाली. "मंग त्यो बी आतच असंल. पाइपाच्या बाजूला."

यावर जो हशा झाला त्यात बायकांचाही आवाज होता. अध्यक्षही हसला, सगळ्यांच्या मागून. उठलेल्या दोघी परत बसल्या. मुख्याध्यापकांनी तेवढ्यात, कोणाकडंही न बघता, भरभर म्हणून टाकलं, "दोन्ही बाजूंचं लिहून झालं. आता पेटीवर कोणाचा आक्षेप राहत नाही. घ्या मतदान." मी त्यांना मनातल्या मनात बरंच काही म्हणत आले होते. त्यातलं अर्धं मागं घेतलं.

पेटी उपडी करून सगळ्यांना दाखवली. मी वरची फळी दात्यांवर टेकवली. घंटा बडवायचा लोखंडी दांडा फडक्यात गुंडाळून एकेका कडेवर ठोकत गेले. प्रत्येक ठोक्याला मला वाटायचं, आता दाता मोडणार. रात्रभराच्या दमट हवेनं प्लाय जरा फुगला होता. शेवटचा कोपरा आत जाईना. मी जोरात मारला. गेला.

"ओढून बघा," मी अध्यक्षाला म्हटलं. त्यानं नाही, त्याच्या माणसानं ओढून पाहिलं. नखं घातली. पेटीच उचलली गेली, फळी नाही. "आयला," तो म्हणाला. तेवढ्या एका शब्दासाठी मी त्या दुकानात धूर खाल्ला होता.

फळा आडवा लावून आडोसा केला. अध्यक्षासाठी फुली, ताईसाठी गोल. एकेक बाई आत जायची, चिठ्ठी घडी करून फटीत टाकायची. ताईची शेजारीण आत खूप वेळ राहिली. अध्यक्ष खुर्चीवर बसून प्रत्येकीच्या चेहऱ्याकडं बघत होता. चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं. आमच्या बायकांना तेवढं जन्मापासून येतं. शेवटी दाजी आत आले. त्यांनी चिठ्ठी टाकली आणि कोणाकडंही न बघता परत दाराबाहेर गेले. त्यांनी गोल काढला की फुली, ते मला आजही माहीत नाही. ताईनंही विचारलेलं नाही.

चहा आला. कोणी पेटीजवळून उठलं नाही. चहाच पेटीजवळ आणावा लागला.

"तुम्हीच फोडा," मुख्याध्यापकांनी दांडा अध्यक्षापुढं केला. "म्हणजे नंतर बोलणं नको." त्यानं त्याचं टोक फटीत घालून हिसका दिला. दाते कडाकडा मोडले, फळी मधोमध चिरली. चिठ्ठ्या सतरंजीवर पडल्या. मुख्याध्यापक एकेक उलगडत होते. फुली. गोल. फुली. फुली. ताई भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. गोल. गोल. मग कितीतरी वेळ एकाआड एक. एका चिठ्ठीवर काहीच नव्हतं, नुसती घडी.

ताई निवडून आली. हाताच्या बोटांवर मोजता येईल एवढ्या फरकानं. टाळ्या नीट वाजल्या नाहीत, कोणी आधी वाजवायच्या ते ठरत नव्हतं.

"किल्ली," ताई म्हणाली.

"घरी हाय. पाइप काढायला माणसं लागतील. सोमवारी बघू."

"सोमवार कशाला? माणसं इथंच हायत की."

आणि बायका उठल्या. किल्ली येईपर्यंत त्या निळ्या दारासमोर उभ्या राहिल्या. दार उघडलं तसे पाइप बाहेर काढले, दोघी दोघींनी खांद्यावर घेतले आणि त्याच्या दारात नेऊन ओळीनं रचले. नुकसान एकाचंही केलं नाही. म्हातारी पुढं चालत होती, "वाट द्या, विकास येऊन राहिला" म्हणत.

आता जे पत्रकात बसत नाही तेही लिहिते. आत नळ नव्हता. कधी नव्हताच. भिंतीतून नुसतं पाइपाचं टोक आलेलं. भांड्यात चिखल आणि सरड्याची अंडी. रविवारी तीन बायकांनी ते घासलं आणि पाण्याची टाकी मिळेपर्यंत बादल्या भरायच्या पाळ्या लावल्या. पाळी चुकली की ताईला ऐकावं लागतं, "अध्यक्षीणबाई, पाणी कुठंय?" आणि त्या रब्बीत दाजींना विहिरीचं पाणी मिळालं नाही. मोटर बिघडली होती म्हणे. आमच्या एकट्यांपुरतीच बिघडली होती. हरभरा गेला. दाजी त्यावर काही बोलले नाहीत. पण मी घरी गेले की अजूनही उठून बाहेर जातात.

मोडकी पेटी ताईनं चुलीत घातली, अक्षरांसकट. मी म्हटलं, अगं ठेवायची की आठवण. म्हणाली, "तुझ्या अक्षरांनीच जीव जायची येळ आलती."

सभेनंतरच्या सोमवारी संध्याकाळी तिचा फोन आला होता. मला वाटलं काहीतरी झालं.

"बाटली रिकामी आली," ती म्हणाली.

"सांडली तर नाही ना?"

"न्हाई. पेली."